क्योतो ते हिरोशिमा शिंकान्सेनने: तिकिटापासून ट्रामपर्यंतचे संपूर्ण मार्गदर्शन

इ.स. 794 पासून हजाराहून अधिक वर्षे जपानची राजधानी असलेले क्योतो आणि 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अणुबाँबने उद्ध्वस्त झालेले, पुढे नव्याने उभे राहिलेले हिरोशिमा ही दोन शहरे बहुतेक भारतीय पर्यटकांच्या जपानच्या आखणीत असतातच. त्यांच्यामधला प्रवास शिंकान्सेन या जपानच्या वेगवान रेल्वेने साधारण 1 तास 40 मिनिटांचा आहे. प्रवास सोपा असला तरी त्याची तिकिटे, पास आणि गाड्यांची नावे यांबाबत नवख्या माणसाचा हमखास गोंधळ उडतो, आणि त्या गोंधळाचे मूळ बहुतांशी एकाच गोष्टीत आहे. ही गोष्ट आधी समजून घेतली, तर पुढचे निर्णय झटपट होतात.

टोकियोहून निघणारा तोकाइदो शिंकान्सेन मार्ग शिन-ओसाका स्थानकावर संपतो आणि तेथून क्यूशू बेटावरील हाकातापर्यंतचा सान्यो शिंकान्सेन मार्ग सुरू होतो. पहिला मार्ग 1 ऑक्टोबर 1964 रोजी खुला झाला. दुसरा 1972 मध्ये ओकायामापर्यंत आणि 1975 मध्ये हिरोशिमावरून हाकातापर्यंत पोहोचला. आज हे दोन मार्ग दोन वेगवेगळ्या कंपन्या चालवतात: शिन-ओसाकापर्यंत जेआर सेंट्रल आणि त्यापुढे जेआर वेस्ट. रूळ अखंड आहेत आणि अनेक गाड्या न थांबता पलीकडे जातात, त्यामुळे डब्यात बसलेल्या प्रवाशाला ही हद्द जाणवतही नाही. मात्र क्योतो हद्दीच्या अलीकडे आणि हिरोशिमा पलीकडे असल्यामुळे, कोणता पास कुठे चालतो आणि कोणती गाडी थेट जाते, हे सारे या हद्दीवरून ठरते.

कोणती गाडी घ्यावी

थेट जायचे असेल तर नोझोमी ही गाडी घ्यावी. दिवसभरात तिच्या भरपूर फेऱ्या असतात, ती मोजक्याच स्थानकांवर थांबते आणि गाडी बदलावी लागत नाही. हिकारी गाड्या क्योतोहून पश्चिमेकडे जातात, परंतु त्यांतल्या अनेक शिन-ओसाका किंवा ओकायामा येथेच संपतात, त्यामुळे हिरोशिमाला जाण्यासाठी मध्ये गाडी बदलावी लागते. कोदामा प्रत्येक स्थानकावर थांबते. या अंतरासाठी तिचा विचार करू नये. साकुरा आणि मिझुहो या गाड्या क्योतोला येतच नाहीत. त्या शिन-ओसाकाहून सुटून हिरोशिमावरून क्यूशू बेटावरील कागोशिमापर्यंत जातात.

यांपैकी साकुरा लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोझोमीच्या साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात, तर आठ डब्यांच्या साकुरामध्ये साध्या वर्गाच्या आरक्षित डब्यांत दोन्ही बाजूंना दोन-दोनच ऐसपैस आसने असतात आणि त्यासाठी जादा पैसे द्यावे लागत नाहीत. ज्येष्ठ आई-वडिलांना घेऊन जाणार असाल आणि शिन-ओसाकाला गाडी बदलण्याची तयारी असेल, तर माझ्या मते साकुराच सर्वांत सुखाची.

तिकिटाची रचना

जपानमध्ये वेगवान गाडीचे भाडे दोन भागांचे असते. पहिला भाग म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे मूळ भाडे, ज्याला जपानीत जोशाकेन म्हणतात; दुसरा भाग म्हणजे वेगवान गाडीचा अधिभार, म्हणजे तोक्क्यूकेन. खिडकीवर किंवा यंत्रावर तिकीट काढल्यास बऱ्याचदा दोन स्वतंत्र कागदी तिकिटे हातात पडतात, आणि फलाटाकडे जाणाऱ्या स्वयंचलित फाटकात ती दोन्ही एकत्र, एकावर एक ठेवून सरकवायची असतात. यंत्र ती आत ओढून घेते आणि तुम्ही पुढे जाईपर्यंत फाटकाच्या दुसऱ्या टोकाला वर काढून ठेवते. तेथून ती आठवणीने उचलावीत, कारण बाहेर पडतानाही त्यांची गरज लागते. गडबडीत तिकिटे तेथेच राहिली तर पुढचा सगळा खुलासा फाटकाशेजारच्या कर्मचाऱ्याला खाणाखुणांनी करावा लागतो.

क्योतो ते हिरोशिमा एकेरी प्रवासाचे नोझोमीतील आरक्षित आसनाचे भाडे 11 ते 12 हजार येनच्या दरम्यान असते. गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या दिवसांनुसार त्यात काहीशे येनचा फरक पडतो. अनारक्षित आसन थोडे स्वस्त असते, पण कुटुंबासह एकत्र बसायचे असेल तर तेवढ्या बचतीसाठी धावपळ करू नये. सहा वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असेल तर त्याचे तिकीट लागत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे पडते.

मूळ भाड्याच्या कागदी तिकिटाचा एक मोठा फायदा अनेक प्रवाशांना ठाऊक नसतो. अंतर 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर साधारणपणे या तिकिटावर वाटेत उतरून पुन्हा पुढे जाता येते. क्योतो ते हिरोशिमा हे भाड्याच्या हिशेबाचे अंतर सुमारे 380 किलोमीटर असल्याने तिकीट तीन दिवस वैध राहते, म्हणजे वाटेत किल्ल्यासाठी प्रसिद्ध हिमेजीला उतरून तेथे मुक्काम करूनही तेच मूळ तिकीट पुढे चालते. अधिभाराचे तिकीट मात्र फाटकाबाहेर पडताच संपते, त्यामुळे ते प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे काढावे लागते.

पास घ्यावा की सुटे तिकीट

संपूर्ण जपानसाठीचा जेआर पास अजूनही अनेक जण सवयीने घेतात. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच्या सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनवरून 50,000 येन झाली. केवळ टोकियो, क्योतो आणि हिरोशिमा एवढेच बेत असतील तर त्याचा हिशेब आता क्वचितच जुळतो. शिवाय नोझोमी आणि मिझुहोमध्ये बसायचे असल्यास या पासवर वेगळा अधिभार भरावा लागतो.

क्योतो-हिरोशिमासाठी खरोखर उपयोगी आहे तो जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा एरिया पास. हा सलग पाच दिवसांचा असून 2023 च्या दरवाढीनंतर त्याची किंमत 17,000 येन झाली. घेण्यापूर्वी चालू दर तपासावा, कारण हे दर अधूनमधून बदलतात. क्योतो-हिरोशिमा नोझोमीचे जाऊन-येऊन भाडेच 22 हजार येनच्या वर जाते, तेव्हा परतीचा प्रवास पाच दिवसांच्या आत होणार असेल तर पास सरळ स्वस्त पडतो. त्यात ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून क्योतोला येणारी हारुका गाडी, हिमेजीचा प्रवास आणि मियाजिमा बेटावर नेणारी जेआरची फेरीबोट हेही येते. सान्यो मार्गावर या पासवर नोझोमी आणि मिझुहोसुद्धा चालतात.

आता सुरुवातीला सांगितलेली हद्द येथे आडवी येते. हा पास जेआर वेस्टचा असल्यामुळे क्योतो ते शिन-ओसाका या शिंकान्सेनच्या तुकड्यावर तो चालत नाही. पासधारकाने क्योतोहून साध्या रुळांवरील शिन्काइसोकु, म्हणजे विशेष जलद गाडीने शिन-ओसाका गाठावे. ही गाडी जेआर वेस्टचीच आहे, तिला अधिभार नाही आणि ती 25 मिनिटांच्या आत पोहोचवते. तेथे शिंकान्सेनच्या फाटकातून पास घालून आत जावे आणि साकुरा किंवा नोझोमी पकडावी. साकुरा तेथूनच सुटत असल्यामुळे अनारक्षित डब्यातही बहुधा सहज जागा मिळते. सारा हिशेब करता थेट नोझोमीपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त लागतो.

हे दोन्ही पास अल्पकालीन पर्यटक म्हणून जपानमध्ये प्रवेश केलेल्या परदेशी पासपोर्टधारकांसाठी आहेत. टोकियोत नोकरीनिमित्त राहणारे अनेक मराठी लोक गावाकडून आलेल्या आई-वडिलांसोबत हा प्रवास करतात. अशा वेळी पाहुण्यांना पास मिळतो, पण निवासी परवान्यावर राहणाऱ्या यजमानाला कान्साई-हिरोशिमा पास मिळत नाही. एकाच गाडीत बसायचे असल्यास यजमानाने शिन-ओसाकापासून पुढचे तिकीट वेगळे काढावे आणि क्योतोहून साऱ्यांनी विशेष जलद गाडीनेच यावे.

आरक्षण कसे करावे

सुटे तिकीट घरबसल्या काढायचे असेल तर स्मार्ट-ईएक्स हे तोकाइदो आणि सान्यो मार्गांचे अधिकृत ॲप सर्वांत सोयीचे. त्यात इंग्रजीत खाते उघडता येते आणि व्हिसा, मास्टरकार्डसारखी आंतरराष्ट्रीय कार्डे चालतात. मात्र भारतीय कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवावेत. स्थानकांवरील तिकीटविक्री प्रवासाच्या एक महिना आधी जपानी वेळेनुसार सकाळी 10 वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. गाडी सुटण्यापूर्वी वेळ बदलायची झाल्यास या ॲपच्या साध्या तिकिटावर ती विनाशुल्क बदलता येते, आणि सहलीत ही सवलत फार कामी येते. आगाऊ काढल्यास मिळणारी सवलतीची तिकिटेही तेथे दिसतात, पण त्यांचे नियम कडक असतात. गाडी चुकली तर ती बहुधा वायाच जातात.

ॲपमधून काढलेल्या तिकिटासाठी फाटकावर क्यूआर कोड दाखवता येतो किंवा इकोका, सुइका यांसारखे वाहतूक कार्ड खात्याला जोडून ते टेकवता येते. प्रत्येक प्रवाशाला स्वतःचा कोड किंवा कार्ड हवे, एका कोडवर चौघे आत जाऊ शकत नाहीत. खात्याला न जोडलेले इकोका कार्ड शिंकान्सेनच्या फाटकावर टेकवू नये. त्यात पैसे असले तरी ते या गाडीचे तिकीट ठरत नाही. आणखी एक भेद येथे लक्षात घ्यावा: स्मार्ट-ईएक्सचे तिकीट फक्त त्या दोन शिंकान्सेन स्थानकांपुरते असते, वाटेत उतरून पुढे जाण्याची मुभा त्यावर नसते. म्हणून हिमेजीला उतरायचे असेल तर क्योतो स्थानकात खिडकीवर किंवा यंत्रावर कागदी तिकीट काढावे. वाटेत कुठेही उतरायचे नसेल तर ॲप पुरेसे आहे.

तारखांबाबत आपल्या लोकांनी विशेष सावध राहावे. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी आणि जपानचा एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक एकमेकांवर येतात. गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि नववर्ष या तिन्ही काळांत नोझोमीचे सर्व डबे आरक्षित केले जातात, त्यामुळे अनारक्षित आसनाच्या भरवशावर स्थानकात जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनीही आधीच आसन राखून ठेवावे, कारण तेव्हा क्योतोत पानगळीचे रंग पाहायला जपानी लोकही मोठ्या संख्येने येतात.

सामान आणि जेवण

लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 160 सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि 250 पर्यंत असलेल्या बॅगेसाठी मे 2020 पासून डब्याच्या शेवटच्या रांगेतले विशेष आसन आरक्षित करावे लागते. त्याचे जादा पैसे नाहीत, पण आरक्षण नसताना अशी बॅग आणल्यास 1,000 येन भरावे लागतात. आंतरराष्ट्रीय विमानांत चेक-इन बॅगेची मर्यादा सहसा 158 सेंटीमीटर असते, त्यामुळे बहुतेकांच्या बॅगा या नियमाखाली येतच नाहीत. तरीही घरी चाकांसकट टेपने मोजून घ्यावे. नियमात बसणारी बॅगसुद्धा डोक्यावरच्या फळीवर स्वतः उचलून ठेवावी लागते आणि 23 किलोची बॅग तेथे चढवणे सोपे नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे ताक्यूबिन, अर्थात सामान पोहोचवण्याची सेवा. क्योतोच्या हॉटेलमध्ये सकाळी बॅग सोपवली तर ती सहसा दुसऱ्या दिवशी हिरोशिमाच्या हॉटेलात पोहोचते. खर्च आकारानुसार साधारण दोन-तीन हजार येन येतो. एका रात्रीचे कपडे, औषधे आणि पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवावेत.

शिंकान्सेनमध्ये जेवायला पूर्ण मुभा आहे, पण साध्या डब्यात येणारी खाद्यपदार्थांची ढकलगाडी तोकाइदो मार्गावर ऑक्टोबर 2023 अखेर बंद झाली, तेव्हा खाणे स्थानकातूनच घेऊन चढावे. शाकाहारी प्रवाशांनी एकिबेन, म्हणजे स्थानकावर मिळणारे जेवणाचे डबे, दिसायला केवळ भाज्यांचे असले तरी निरखून घ्यावेत, कारण त्या भाज्या बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेल्या असतात. उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे. काटेकोर पाळणाऱ्यांनी त्यावरही विसंबू नये. घरून दशम्या, खाकरे, चिवडा आणि चटणी न्यावी. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानमध्ये नेण्यावर कडक बंधने आहेत, म्हणून ते सामानात ठेवू नयेत.

प्रवासाच्या दिवशी

क्योतो स्थानक विस्तीर्ण आहे. क्योतो टॉवर दिसतो ती उत्तरेची बाजू, तर शिंकान्सेनचे फलाट दक्षिणेकडच्या हाचिजो बाजूला आहेत. उत्तरेकडून येणाऱ्याने स्थानक ओलांडण्यासाठी दहा मिनिटे आणि एकूण अर्धा तास हाताशी ठेवावा. शिन-ओसाका आणि हाकाताच्या दिशेच्या गाड्या फलाट 13 आणि 14 वर येतात. पाटीवर गाडीचे नाव, क्रमांक, वेळ आणि अंतिम स्थानक आलटून पालटून जपानी व इंग्रजीत झळकते. त्यावर हिरोशिमा नाव शोधत बसू नये, कारण तुमच्या गाडीपुढे बहुधा हाकाता असे लिहिलेले असते. काही नोझोमी मात्र शिन-ओसाकालाच संपतात, म्हणून नावावर न जाता क्रमांक जुळवावा.

सोळा डब्यांची गाडी सुमारे 400 मीटर लांब असते. फलाटावर डब्याचा क्रमांक आणि दाराची जागा दाखवणाऱ्या खुणा असतात. आपल्या डब्यासमोर रांगेत उभे राहावे, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे आणि मग चढावे. गाडी जेमतेम एक-दोन मिनिटे थांबते. चुकीच्या टोकाला उभे असाल तर धावत सुटण्यापेक्षा समोरच्या दारातून चढून आतून चालत जावे.

खिडकीची निवड विचारपूर्वक करावी. आसनांची अक्षरे ए पासून ई पर्यंत असतात. ई ही उत्तरेची, डोंगराकडची बाजू आणि ए ही दक्षिणेची, समुद्राकडची. समुद्राच्या आशेने ए मागणाऱ्यांची निराशा होते, कारण हा मार्ग मोठ्या प्रमाणात बोगद्यांतून जातो. शिन-कोबेजवळचा रोक्को बोगदा एकटाच सोळा किलोमीटरहून लांब आहे. त्यापेक्षा ई घ्यावी. हिमेजी स्थानकातून गाडी जाताना उजव्या हाताला, सरळ रस्त्याच्या टोकाशी पांढराशुभ्र किल्ला काही क्षण उभा दिसतो. सान्यो मार्गावर गाडी ताशी 300 किलोमीटरपर्यंत धावते, म्हणून शिन-कोबे सुटल्यानंतरच खिडकीकडे लक्ष ठेवावे.

फोनवर बोलायचे असल्यास डब्याबाहेर दाराजवळच्या जागेत जावे. भारतीय गटांना जोरजोरात गप्पा मारण्याची सवय असते, पण येथे आवाज खरोखर कमी ठेवावा, कारण शेजारचा माणूस तक्रार करणार नाही, फक्त अस्वस्थ होईल.

वाटेत हिमेजी

हिमेजीचा किल्ला 1993 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि वेळ असेल तर तो चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. क्योतोहून विशेष जलद गाडीने सुमारे दीड तासात, केवळ मूळ भाड्यावर तेथे पोहोचता येते. सामान लॉकरमध्ये ठेवावे, वीस मिनिटे सरळ चालत किल्ला गाठावा आणि तीन-चार तासांनी साकुराने हिरोशिमाला निघावे. अशा रीतीने वेगवान गाडीचा अधिभार केवळ हिमेजी-हिरोशिमा या टप्प्यापुरता द्यावा लागतो. किल्ल्याच्या आत पादत्राणे काढून तीव्र चढाचे लाकडी जिने चढावे लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरच्या प्रांगणातूनच तो पाहावा.

हिरोशिमात उतरल्यावर

ट्राम स्थानकाच्या दक्षिण बाजूला आहे. ऑगस्ट 2025 पासून ती नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर थेट येते. 2 किंवा 6 क्रमांकाच्या ट्रामने गेन्बाकु डोम-माए थांब्यावर उतरल्यास अणुबाँब घुमटाचे अवशेष समोरच आहेत. पासधारकांनी उत्तरेच्या शिंकान्सेन बाजूने सुटणारी मेइपुरुपू ही पर्यटक बस घ्यावी, ती पासमध्ये येते. शांतता स्मारक संग्रहालयाचे तिकीट केवळ 200 येन आहे, पण त्यासाठी दोन तास आणि मनाची तयारी लागते. लहान मुलांना नेण्यापूर्वी विचार करावा. घुमटाजवळ मोतोयासु नदीच्या काठी महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे. मे 2023 मध्ये अनावरण झालेला हा पुतळा धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडवला आहे, आणि मराठी माणसाने तेथे थोडे थांबायलाच हवे.

अडचण आली तर

आरक्षित गाडी चुकल्यास साध्या तिकिटावर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसता येते. भूकंपाचा धक्का बसल्यास गाड्या आपोआप थांबतात, तर मोठे वादळ येणार असल्यास गाड्या बंद ठेवण्याची घोषणा बहुधा आदल्या दिवशीच होते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परतीच्या विमानाच्या दिवशी हा प्रवास ठेवू नये. गाडी दोन तास किंवा अधिक उशिरा पोहोचली तर अधिभाराची रक्कम परत मिळते. त्यासाठी उतरल्यावर तिकीट फाटकात न टाकता कर्मचाऱ्याला दाखवावे.

परतताना कान्साई-हिरोशिमा पासधारकांनी विशेष लक्ष ठेवावे. टोकियोकडे जाणारी नोझोमी शिन-ओसाकाहून पुढे पंधरा मिनिटांत क्योतोला पोहोचते आणि तेवढ्यासाठी उतरणे जिवावर येते. पण बसून राहिल्यास त्या तुकड्याचे मूळ भाडे आणि अधिभार दोन्ही वेगळे भरावे लागतात, म्हणून शिन-ओसाकाला उतरून विशेष जलद गाडीच पकडावी.